जोडीची तोंडी परीक्षा

बाई,

बॉलपेननं लिहिलेली वही तुम्ही हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत, हे लक्षात आहे माझ्या. पण घरात शाईचं पेन सापडलं नाही, आणि शोधत बसले असते तर लिहिण्याचा विचार पुन्हा बारगळला असता, तेव्हा आहे त्यावर भागवून घ्या. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही आम्हाला शिकवत होतात त्या वयाची मी आता झाले आहे, तुमचाच विषय नववी-दहावीला शिकवते, आणि खडू मोडला की तुमच्यासारखेच दोन्ही तुकडे फळ्याच्या कडेला जपून ठेवते. पण हे सांगायला मी लिहायला बसलेले नाही. मला एक विचारायचं आहे. एका दुपारी तुम्ही रेवदंड्याला माझ्या घरी आला होतात, स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात आणि काहीतरी सांगायला लागला होतात. मी तुम्हाला बोलू दिलं नाही. ते काय होतं? इतकी वर्षं मला ते कळण्याची गरज पडली नव्हती. आता माझ्या वर्गातल्या एका मुलीनं रसायनशास्त्राकडे पाठ फिरवली आहे, तीही माझ्यामुळे, आणि तिला जाऊन काय सांगावं ते मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं असणार, नाहीतर एवढ्या उन्हात एस.टी.नं तुम्ही कशाला आला असतात.

तुमची ती जोडीची तोंडी परीक्षा आता कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. इतर शाळांत प्रात्यक्षिकाचे गुण म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद, प्रत्येकाच्या हातावर सारखाच. तुमचं सगळंच उफराटं. तुम्ही वर्गाच्या जोड्या लावायच्या, एक येणारा आणि एक न येणारा. काही दिवस येणाऱ्यानं दुसऱ्याला धडा शिकवायचा. परीक्षेला दोघांनी तुमच्यासमोर उभं राहायचं आणि प्रश्न मात्र न येणाऱ्याला. त्याच्या उत्तराचे गुण पडायचे ते शिकवणाऱ्याला. न येणाऱ्याला गुण मिळायचे त्यानं शिकताना काय काय विचारलं, त्याचे. "ज्याला येतं त्यालाच विचारून मला काय कळणार?" तुम्ही म्हणायच्या. "पाठ आहे की समजलंय, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कळतं." तुम्ही घाटावरून आलेल्या, आमच्या खाडीकाठच्या गावात तुमचं कुणी नव्हतं, आणि असल्या हट्टापायी कुणी तुमचं होतही नव्हतं. मुख्याध्यापक तुम्हाला टरकून असत. आम्हीही.

माझी जोडी तुम्ही कोळीवाड्यातल्या एका मुलीशी लावलीत. ती सकाळी आईबरोबर बोंबलांची वाळवणं घालून शाळेत यायची आणि दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायची. मी वर्गात पहिली, त्यामुळे तिला शिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असा माझा समज. मधल्या सुट्टीत तिला चिंचेखाली बसवायची आणि घोकून घ्यायची: बाष्पीभवनात द्रावक उडून जातो आणि द्राव्य मागे राहतं. तिला 'द्राव्य' म्हणता येत नव्हतं, ते म्हणता येईपर्यंत दोन दिवस गेले. पण शेवटी अगदी घडाघडा म्हणायला लागली. मला तेव्हा वाटलं, झालं काम.

परीक्षेचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. प्रयोगशाळेची खाडीकडची खिडकी उघडी आहे, स्पिरिटच्या दिव्याचा वास येतो आहे, तुमच्या टेबलावर काचेचा चंबू आहे आणि त्यात काहीच नाही. तुम्ही तिला बाष्पीभवन विचारता. ती न अडखळता सांगते, 'द्राव्य'सकट. मी सुस्कारा टाकते. मग तुम्ही चष्मा कपाळावर चढवता आणि म्हणता, "समुद्राचं पाणी उकळलं. वाफ झाकणाला लागली, तिचं पाणी झालं. झाकणाचा थेंब जिभेवर ठेवलास तर चव कशी लागेल?" ती विचार करते. खरंच करते, मला तिचं कपाळ आठवतं. आणि सांगते, "खारट."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. ती गोंधळून म्हणाली, "आमचे दारान वारा पन खाराच येतो, बाई." मग सगळेच हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिच्याकडे पाहिलंच नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. "तुमचं घरचं मिठागर आहे ना? पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं, ते तू जन्मल्यापासून बघतेस. हिला एक दिवस तिथे नेलं असतंस तर?" एवढं बोलून तुम्ही "पुढची जोडी" म्हणालात. मला वीसपैकी बारा मिळाले. त्या बारा गुणांनी माझा पहिला नंबर गेला, आणि तो गेला यापेक्षा मिठागराचं मला का सुचलं नाही, याचा राग जास्त होता. मी तो तुमच्यावरच काढला, मनातल्या मनात.

वडिलांनी तोवर मिठागर दुसऱ्याला चालवायला देऊन ट्रक घेतला होता. तो शाळेच्या फाटकात आडवा लावून ते तुमच्याकडे आले. मी व्हरांड्यात खांबाआड उभी होते. "बाई, माजी पोर हुशार हाय का न्हाय?" "आहे." "मंग दुसरीचं चुकलं तं हिचे मार्क का कापले?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिला येतं. तिला देता येत नाही." माझे वडील कुणाला ऐकणारे नव्हते, पण तिथून ते तसेच ट्रककडे वळले. घरी येऊन आईला म्हणाले, "बाई हाय चांगली. पन हट्टी हाय, आपले पोरीवानी." मी त्या रात्री जेवले नाही. पुढे अलिबागला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, ते रसायनशास्त्राच्या प्रेमानं केलं असं मुलाखतीत सांगत असे. खरं म्हणजे तुमच्यावरच्या रागानं केलं. राग बराच पुरला.

आणि मग तुमची ती दुपार. माझी नोकरी लागून वर्षभर झालं होतं, लग्न नवं होतं, घरात सासूबाईंचा वावर होता आणि मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. तुम्ही दारात उभ्या. निवृत्त झाला होतात, बारीक झाला होतात, हातात कापडी पिशवी. मी बाहेर खुर्ची दिली तर तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात आणि पाट ओढून बसलात. पिशवीतून परीक्षानळ्यांचं लाकडी स्टँड काढलंत, तुम्ही स्वतः सुताराकडून करवून घेतलेलं, आणि म्हणालात, "तुझ्या शाळेत नसेल असं धड." खरंच नव्हतं. ते अजून वापरते, एक भोक फाटलं आहे तेवढंच. तव्यावर भाकरी फुगली तेव्हा तुम्ही सवयीनं विचारलंत, "आत काय आहे गं?" मी म्हटलं, "वाफ, बाई," आणि तुम्ही मान डोलावलीत. ते बरं वाटलं मला, आता लपवून काय करू.

मग तुम्ही म्हणालात, "त्या तोंडी परीक्षेचं तुला सांगायचं होतं." माझे हात पिठाचे होते. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या, आणि माझे बारा गुण त्यांच्या कानावर जायला नको होते, इतकी मी तेव्हा पोरकट. मी म्हटलं, "अहो बाई, कधीची ती गोष्ट, मी तर विसरूनही गेले. सोलकढी घ्या ना." तुम्ही सोलकढी घेतलीत. पुन्हा म्हणालात, "नाही, पण मी त्या दिवशी..." आणि मी आणखी एक भाकरी तुमच्या ताटात वाढली. गोड बोलून माणसाला गप्प करता येतं, ही कला मला लग्नानंतर लगेच साधली होती. तुम्ही जेवलात, भाकरीला छान म्हणालात, आणि चारच्या गाडीनं गेलात. मी एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत आपण पगार आणि बदल्या यांवर बोललो. पुढे तुमची काही गाठ पडली नाही, आणि तुम्ही गेल्याचं मला कुणाच्या तरी बारशात कळलं, तेही दोन-तीन महिन्यांनी. मी पेढा खाल्ला आणि घरी येऊन भांडी घासली. रडू वगैरे आलं नाही. आता येतं कधी कधी, त्याला काही अर्थ नाही.

आता या वर्षीचं सांगते. माझी मुलं बोर्डात चांगले गुण आणतात, शाळेचं नाव होतं, माझं होतं. दहावीच्या वर्गात मी सहज विचारलं, गंजलेल्या खिळ्याचं वजन वाढतं की घटतं. गंज चढण्याचं समीकरण सगळ्यांनी बिनचूक लिहिलं होतं, लोह अधिक ऑक्सिजन अधिक पाणी. आणि वजन घटतं, असं जवळजवळ सगळ्यांनी हात वर करून सांगितलं. मला तुमचा कपाळावर चढवलेला चष्मा आठवला. मी ठरवलं, यंदा जोडीची परीक्षा घ्यायची. तुमची परीक्षा. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, घ्या हवं तर, कागदावर काय ते नंतर बघू." मला तेव्हा उगाच आपण फार मोठं काहीतरी करतो आहोत असं वाटत होतं.

माझ्या वर्गात मुरुडची एक मुलगी आहे. वडील आखातात असतात, घरी आई, दादी, धाकट्या बहिणी. प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारी. सुरमा कशाचा असतो, अत्तर हवेत कसं पसरतं, तिच्या प्रश्नांना शेवट नाही. फार्मसीला जायचं म्हणून पाचवीपासून सांगत आलेली. तिची जोडी मी कोळीवाड्यातल्या एका मुलीशी लावली. मुद्दाम लावली का, तुम्ही विचाराल. हो, मुद्दाम. मला बहुतेक तो खेळ पुन्हा मांडून बघायचा होता, या वेळी तुमच्या खुर्चीत बसून.

परीक्षेच्या दिवशी मी कोळीवाड्यातल्या मुलीला विचारलं, "खिळा गंजला. त्याचं वजन वाढेल की घटेल?" तिनं माझ्याकडे पाहिलं, जोडीदारणीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "घटंल." ती घाईघाईनं म्हणाली, "माजा बाबा दर्यातले होरीचे जुने खिले काढतो ना, ते बारीक झालेले आसतात." मी तिच्या जोडीदारणीकडे वळले. आणि बाई, तुमचं वाक्य माझ्या तोंडातून तुमच्याच आवाजात बाहेर आलं: "तुला येतं. तुला देता येत नाही." मला ते बोलताना बरं वाटलं. इतक्या वर्षांनी एक सुंदर वाक्य वापरायला मिळालं, असं वाटलं. ती मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "टीचर, मी आणखी काय करायला हवं होतं?" आणि मी म्हटलं, "पुढची जोडी."

मधल्या सुट्टीत कोळीवाड्यातली मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी आली. आत येईना. दारातूनच बोलली. "टीचर, तिनी मना शिकवलं व्हतं. लेथवाल्याकडना लोखंडाचा कीस आनला, सोनाराच्या काट्यावर वजन केला. मंग साध्या पान्यानं वला करून ठेवला, गंजला, वालवला, परत काट्यावर नेला. वाढलं व्हतं. मी सोता पायलं." मी विचारलं, मग घटेल का म्हणालीस? ती म्हणाली, "काट्यावर वाढलं ते खरंच. पन बाबाचे हातानला खिला पन खराच ना, टीचर?"

दोन्ही खरं होतं. गंज सुटून गळून पडतो म्हणून खिळा बारीक होतो, आणि गळलेला सगळा गंज गोळा करून तोलला तर वजन वाढलेलंच भरेल. एवढा एक प्रश्न मी पुढे विचारला असता, की बाळ, खिळ्यावरचा गंज कुठे गेला, तर त्या पोरीनं तिथल्या तिथे सगळं रसायनशास्त्र जोडलं असतं. तिच्या जोडीदारणीनं तिला तिथपर्यंत आणून सोडलं होतं. जिला देता येत नाही असं मी म्हटलं, तिनं आपल्या मैत्रिणीला सोनाराच्या दुकानापर्यंत नेलं होतं. मला मिठागरापर्यंत नेता आलं नव्हतं. आणि मी उत्तर चुकलं म्हणून थांबले. तुम्हीही तिथेच थांबला होतात, बाई. "वारा पण खाराच येतो" हे ऐकून तुम्ही तिच्याकडे वळून विचारलं असतंत, वाऱ्यात खारटपणा कुठून येतो गं, तर तिनं लाटांचे तुषार सांगितले असते. मग वाफ वेगळी आणि तुषार वेगळे, हे तिला कळलं असतं, आणि मलाही. तुम्ही इतकं चांगलं विचारलंत आणि नेमक्या ठिकाणी थांबलात. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. मी सगळी वर्षं माझे आठ गुण मोजत बसले होते.

कागदावर सगळ्यांना वीसपैकी वीस गेले, म्हणजे गुणांचा प्रश्न मिटला. पण ती मुलगी मिटली. आता वर्गात मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घेते. मी काही विचारलं तर उभी राहून पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवते, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही, आणि बसते. मला त्याची शिक्षाच देते आहे जणू. तिची जोडीदारीण तिच्यामागे फिरते, ही तिच्याशी बोलते, पण खिळ्यांबद्दल नाही. मग तिच्या वडिलांचा आखातातून फोन आला. फार अदबीनं बोलले. "टीचर, मुलीला काय झालं कळत नाही. परवापर्यंत फार्मसी फार्मसी करत होती, आता म्हणते कॉमर्स घेईन. म्हणते मला केमिस्ट्री येत नाही, फक्त पाठ आहे. तुम्ही जरा समजवा तिला. तुमचं फार मानते ती." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर हात धुतले, का ते माहीत नाही.

मी तिला वर्गाबाहेर थांबवून बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, तू तो कीस तोललास ते मला कळलं, फार छान केलंस. ती म्हणाली, "थँक्यू, टीचर." म्हटलं, त्या दिवशीचं मनात ठेवू नकोस. ती म्हणाली, "नाही टीचर, मी विसरले पण." आणि हसली. बाई, ते हसू मी ओळखते. पिठाचे हात सोडले तर सगळं तेच. तेव्हा मला कळलं, की त्या दुपारी पाटावर बसून समोर कुणाला बघत होतात तुम्ही.

म्हणून विचारते आहे. काय सांगायला आला होतात? 'माझं चुकलं' म्हणायला? तसं असेल तर मला ते ऐकायला हवं होतं, आणि तुम्हाला म्हणायला मिळायला हवं होतं. की तुम्ही म्हणणार होतात, 'परीक्षा बरोबरच होती, तुला लागली एवढंच वाईट वाटलं'? तेही चाललं असतं, निदान भांडता आलं असतं. की तुम्हाला माझं काही नव्हतंच, त्या वाऱ्यावाल्या मुलीचं विचारायचं होतं, ती पुढे कुठे गेली ते? तिचं लग्न होऊन ती श्रीवर्धनकडे गेली एवढंच मला माहीत आहे. तिला मी मिठागर कधीच दाखवलं नाही. आता ते राहिलंही नाही, तिथे भराव घातला.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी यातलं काय सांगू? चुकलं म्हटलं तर ती लगेच 'असू दे टीचर' म्हणेल आणि दार लावून घेईल. बरोबर होतं म्हटलं तर खोटं होईल. मला तिला सांगायचं आहे की तुला देता येतं, मलाच घेता आलं नाही. पण हे वाक्यसुद्धा जरा जास्तच घोटीव वाटतं, आणि घोटीव वाक्यानंच तिचं वाटोळं झालं आहे. मला साधं काहीतरी हवं आहे. तुम्ही शिकवताना साधं बोलायच्या, रागावताना मात्र घोटीव.

गेल्या रविवारी मी मुरुडला गेले. जाताना एस.टी.त काशीदला पर्यटकांची गर्दी चढली, मी खिडकीला चिकटून मनात वाक्यं लावत होते. घर बाजाराच्या मागे आहे, नारळीतून वाट जाते. अंगणात तिची दादी तांदूळ निवडत होती, तिचं लक्ष नव्हतं. आतून त्या मुलीचा आवाज येत होता, बहिणींवर कशावरून तरी ओरडत होती, अगदी पूर्वीसारखी मोठ्यानं. मी फाटकाच्या कडीला हात लावला. तुमच्याकडून काही कळलं असतं तर कडी काढली असती, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला समजावलं, आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं. आता लिहून झालं आहे आणि ते ज्यांना लिहिलं त्यांना पोचणार नाही, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं.

तुम्ही दारात उभ्या होतात तेव्हा तुमच्याकडेही वाक्य नसेल, बाई. तरी तुम्ही आत आलात. मी कडी न काढता परत आले.